आखाजीला मुऱ्हाळी आली

शालिग्राम शेठच्या दुकानात मी चेनसेट मागितला आणि शेठ म्हणाले, “भावाला पाठव.”

मला भाऊ नाही. ते शेठना माहीत नसेल, समजू शकते. पण चेनसेट घ्यायला भाऊ कशाला लागतो? मी गाडीचं नाव सांगितलं, साल सांगितलं, पुढच्या चक्राला दात किती तेही सांगितलं. शेठ नुसते हसले. पंखा त्यांच्याच अंगावर वळवलेला होता आणि मी जामनेरच्या भर दुपारच्या उन्हात पायरीवर उभी होते.

“ताई, चुकीचा नेशील आणि उद्या परत आणशील. मिस्तरीचं नाव सांग, मी त्याच्याशी बोलून घेतो.”

“मिस्तरी मीच आहे,” मी म्हटलं.

शेजारी एक जण क्लचची वायर हातात घेऊन उभा होता. उंच, सावळा, कपाळाला घाम. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेठना म्हणाला, “त्या बरोबर सांगताहेत शेठ. देऊन टाका.”

आणि शेठनी दिला. लगेच. वर कागदात नीट गुंडाळूनसुद्धा दिला.

मी त्या माणसाला दुकानाबाहेर गाठलं. “तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

तो गोंधळला. “मी... मदतच केली ना?”

“मी सांगितलं तेव्हा चूक, तुम्ही सांगितलं की बरोबर. ही मदत?”

“मग मी काय करायला पाहिजे होतं?”

“गप्प राहायचं.”

“बरं,” तो म्हणाला, आणि खरोखरच गप्प राहिला. डोळे मात्र गप्प नव्हते. त्यांत हसू होतं, आणि मला त्या हसण्याचाही राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की घरी पोचेपर्यंत ते डोळे काही माझ्या डोक्यातून जाईनात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच आमच्या दारात. गाडी ढकलत आणलेली.

त्याचं नाव ललित. गाव पिंपळनेर. इथे केळीची रोपं आणि घडांना घालायच्या पिशव्या विकणाऱ्या एका नर्सरीत नोकरीला लागलेला आणि आमच्या समोरच हिलाल नानांकडे खोली घेऊन राहिलेला. अंगणातल्या नव्या फरशीवर ऑइलचा थेंब पडेल म्हणून नाना त्याला गाडी खोलू देत नव्हते. गल्लीत कोणीतरी त्याला सांगितलं, लोटन आबांच्या मुलीचं गॅरेज आहे.

गॅरेज म्हणजे आमची कापूस साठवायची पत्र्याची खोली. कापूस विकला गेला की पुढचे महिने ती माझी. आबांच्या जुन्या शंभर सीसीवर मी रोज जळगावला बी.एड.ला जाते. आबांना गुडघ्यामुळे किक मारवेना, तेव्हापासून ती गाडी माझ्याकडे आहे. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे शू, कार्ब्युरेटर, सगळं मी करते. आधी व्हिडिओ बघून केलं, मग चुकून, मग न चुकता.

“बठ्ठी गाडी तुम्हीच खोलता?” ललितने भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत विचारलं.

“बठ्ठी. सगळीच्या सगळी,” मी त्याच्याच सुरात म्हटलं. “इथे काम करायचं तर अटी आहेत. पाना जिथून घेतला तिथे ठेवायचा. माझ्या गाडीला न विचारता हात लावायचा नाही.”

“आणि गप्प राहायचं?”

“ते तर आहेच.”

पण तो गप्प राहायचा नाही, आणि मलाही ते नको होतं. पत्रा तापलेला असायचा, दारातल्या निंबाची सावली हळूहळू आत सरकायची, पेट्रोलचा वास आणि त्याच्या बोलण्यात ‘आहे’च्या जागी येणारं ते ‘शे’... मला सवयच लागली. नवी चेन मी त्याच आठवड्यात बसवली. चेनचा ताण बघताना गाडीवर कोणीतरी बसलेलं लागतं, नाहीतर वजन पडलं की चेन ताणते. इतकी वर्षं मी सिमेंटची गोणी सीटवर ठेवून भागवलं होतं.

“बसा,” मी म्हटलं.

तो बसला. मी खाली बसून बोटाने चेन दाबून बघत होते.

“हलू नका.”

“नाही हलत.”

“श्वास घेतला तरी चालेल,” मी म्हटलं.

“तुम्ही एवढ्या जवळ असताना... जमेल असं वाटत नाही,” तो हळूच म्हणाला. माझ्या हातातला पाना घसरला आणि बोटाचं साल निघालं. मी त्याला खूप बोलले. तो ऐकत राहिला आणि आपला रुमाल माझ्या बोटाला बांधत राहिला.

इथवर सगळं गोड होतं. मग आखाजी जवळ आली.

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. झोके, गाणी, आमरस. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी येते, पण अशीच उठून येत नाही. तिला आणायला माहेराहून मुऱ्हाळी जावा लागतो. मुऱ्हाळी म्हणजे भाऊ. माझी मोठी बहीण मयुरी बोदवडला दिलेली. तिला आणायला दरवर्षी आमचा चुलतभाऊ कुंदन जायचा, मी तयार केलेल्या गाडीवर. यंदा कुंदन पुण्याला नोकरीला लागला आणि त्याला सुटी मिळेना. मयुरीच्या सासूबाई, कुंदाबाई, त्यांनी फोनवर स्पष्ट सांगून टाकलं, की दुपारच्या आत मुऱ्हाळी आला तर सून पाठवू, नाहीतर त्यांच्याही लेकी येताहेत, ती इथेच कामाला लागेल. मयुरी लग्नानंतर एकदाही आखाजीला चुकली नव्हती. फोनवर तिने नुसतं नाक ओढलं.

“मी जाते,” मी आबांना म्हटलं.

ओट्यावर झुलाल काका बसले होते, आबांचे मोठे भाऊ. बाजूला हिलाल नाना, आणि पायरीवर ललित. काका म्हणाले, “लोटन, पोरीले एकटी कुठी धाडतो? मी जातो मुऱ्हाळी, ललित गाडी चालवीन. गाडी त्यानंच सुधरवेल आहे. रस्त्यात काही झालं तं त्याले समजते.”

“हो ना,” नाना म्हणाले. “हा आला तेव्हापासून गाडी कशी मस्त वाजते.”

मी ललितकडे पाहिलं. तो ओशाळं हसला. आणि गप्प राहिला.

चेन मी बसवलेली. कार्ब्युरेटर मी साफ केलेला. तो त्या खोलीत येऊन पुरता महिना झाला नव्हता आणि माझी सगळी वर्षं गल्लीने उचलून त्याच्या खिशात घातली होती. त्यानेही ती ठेवून घेतली. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी संताप आला.

तो मागोमाग खोलीच्या दाराशी आला. “दिपमाला, ऐका तर...”

“हसलास तू.” ‘तुम्ही’वरून मी ‘तू’वर कधी आले ते माझं मलाच कळलं नाही.

“मोठी माणसं होती. आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, गप्प राहायचं म्हणून.”

“दुकानात बोलायचं नव्हतं. इथे बोलायचं होतं. एवढंही कळत नाही?”

“मला वाटलं, मी तुमची बाजू घेतली तर लोक तुमचं नाव माझ्याशी...”

“म्हणून माझं नावच पुसून टाकलंस. ती गाडी उचल आणि जा. इथे परत पाय ठेवू नकोस.”

तो गाडी घेऊन गेला. त्या दिवशी मी सगळे पाने पुसले, जे आधीच पुसलेले होते.

आबांनी रात्री जेवताना एवढंच विचारलं, “पोचशील ना दुपारच्या आत?” मी हो म्हटलं. “मग तूच जाय,” आबा म्हणाले. काका दोन घास कमी जेवले.

सकाळी गाडी दारात काढली आणि मयुरीच्या सासरी द्यायची आंब्यांची पिशवी आणायला मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ललित समोरच्या फाटकात उभा होता. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण त्याला कळू दिलं नाही.

बोदवडच्या रस्त्याला लागले आणि बरंच अंतर गाडी छान पळाली. मग एका बाभळीपाशी तिने आचके दिले आणि बंद पडली.

मी कॉक रिझर्व्हवर टाकला, काही नाही. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली. वारा असा गरम, की हेल्मेटच्या आत चटके बसत होते. सूर्य चढत होता, आणि मला काकांचा चेहरा दिसत होता, नानांचा दिसत होता, शालिग्राम शेठचासुद्धा. सगळे मान हलवत होते. मयुरी पिशवी भरून दारात बसलेली दिसत होती, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून आवाज आला. किक मारली, गाडी सुरू. निघाले, आणि थोडं पुढे जाऊन परत बंद.

तेव्हा मी झाकण हातात घेऊन उलटं केलं. आत निळं पॉलिथिन दाबून बसवलेलं होतं. केळीच्या घडाला घालतात त्या पिशवीचा तुकडा, अगदी गोल कापलेला. उन्हाळ्यात पेट्रोल उडू नये म्हणून आमच्या भागात लोक असलं काहीतरी करतात. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बंद झालं की पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी मरते. माझ्या गाडीला हे करणारा माणूस एकच होता, आणि तो नर्सरीत दिवसभर त्याच पिशव्या हाताळत होता.

मी तिथूनच ललितला फोन लावला.

“झाकणात काय ठेवलंस?”

“पेट्रोल उडेल असं वाटलं... तुम्ही एकट्या, ऊन एवढं. घरी बठ्ठे असंच करतात. बंद पडली का?”

“पडली. मयुरीची आखाजी गेली तर तुला जन्मात माफ करणार नाही.”

“मी येऊ का तिकडे?”

“आलास तर बघ,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. पॉलिथिन खिशात कोंबलं आणि गाडी अशी हाणली, की तशी आजवर कधी हाणली नव्हती.

कुंदाबाई दारातच होत्या. सावली पायाशी आली होती. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. “मुऱ्हाळी कुठी आहे?”

“मीच.”

“अन् गाडी कोणी आणली?”

“मीच आणली. मीच नीट ठेवते ती. दुपार अजून व्हायची आहे.”

त्या माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिल्या. मग मागे वळून म्हणाल्या, “मयुरी, हिले पाय धुवाले पाणी दे. रस काढ. मुऱ्हाळी आली तुही.” ‘आली’ म्हणताना त्या जरा अडखळल्या, पण म्हणाल्या. मयुरी तांब्या घेऊन आली तेव्हा रडत पण होती आणि हसत पण होती.

ऊन उतरल्यावर आम्ही घरी पोचलो. ओटा भरलेला होता. गाडी वाटेत बंद पडली होती हे मयुरीने फोनवर आईला सांगितलं होतं, म्हणजे गल्लीला सांगितलं होतं.

“पडली ना बंद?” काका म्हणाले. “म्हटलं होतं का नाही? ललितले जाऊ द्याले पाहिजे होतं.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पायरीवरून ललित उठला. कान लाल झालेले.

“काका, गाडी यांनीच केली आहे. पहिल्यापासून बठ्ठी यांनीच. मी एक नटसुद्धा लावला नाही. मी फक्त झाकणात पॉलिथिन कोंबलं, न विचारता, आणि त्यानेच बंद पडली. रस्त्यात दुरुस्त कोणी केली, तर तीही यांनीच. त्या दिवशी मी इथे हसलो, ते चुकलं माझं.”

नाना उगाच खोकले. आबा उठले आणि मयुरीची पिशवी आत घेऊन गेले, आणि जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी खोलीत जाऊन गाडी स्टँडवर लावली. राग होताच, पण आता त्याला जागा पुरत नव्हती.

ललित दाराच्या बाहेरच थांबला. “आत येऊ का?”

त्याने विचारलं. पहिल्यांदा. मी म्हटलं, “ये.”

“एक विचारायचं होतं...” तो गाडीकडे बघत म्हणाला. “आमचं पिंपळनेर इथून लांब शे. साक्रीच्याही पुढे. तिथून आखाजीला तुम्हाला माहेरी आणायला... कोण येईल?”

मी खरोखर विचार करू लागले. कुंदनला सुटी नाही, काकांना एवढा प्रवास झेपणार नाही... आणि मग मला समजलं. दारामागे मयुरीच्या बांगड्या वाजल्या. माझे कान तापले.

“हे असं विचारतात?”

“मग कसं?”

“सरळ.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी डोळ्यांत हसू नव्हतं, नुसती भीती होती. “तुम्ही मला आवडता. दुकानाबाहेर बोलणी खाल्ली तेव्हापासून. लग्न कराल माझ्याशी?”

“मला आणायला कोणी कशाला यायला पाहिजे?” मी चिडून म्हटलं. आवाज मात्र चिडका निघाला नाही. “रस्ता मला कळतो. माझी मी येईन, माझ्या गाडीवर.”

“म्हणजे...” तो थांबला. “म्हणजे हो?”

“तुमच्या घरी गाडी खोलायला शेड आहे का, ते आधी सांग.”

“आहे. पण त्यात म्हशी आहेत.”

“मग त्यांना दुसरीकडे बांध,” मी म्हटलं.