रिकाम्या क्वार्टरचं चार्जिंग

तुम्ही हसणार, हे मी धरूनच चालले आहे. हसा. मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतबित बडबडणाऱ्या पोरांना मीच गप्प बसवते. तरीही खाली लिहिलेल्यातलं एक अक्षर मी मनानं घातलेलं नाही.

जागा भोपाळ. साकेतनगरच्या मोठ्या हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता. नवरात्रातल्या अष्टमीची संध्याकाळ.

याला अजून महिनाही झालेला नाही.

पण सुरुवात आमच्या घरापासून करायला हवी.

माझं नाव वंदना. नवरा अच्युत सरकारी कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर. पुण्याहून बदली होऊन आलो ते इथलेच झालो. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तळमजल्याचा क्वार्टर आहे. सोबत माझ्या सासूबाई, कमलिनीबाई. मी त्यांना आईच म्हणते. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना साकेतनगरला डायलिसिससाठी न्यावं लागतं. ते चुकलं तर फुप्फुसात पाणी भरतं.

त्या फेऱ्यांसाठीच आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेट्रोलच्या पाव खर्चात काम होईल, असं अच्युतनं कागदावर हिशेब करून दाखवलं. कागदावर सगळंच छान असतं! जाहिरातीत म्हणे एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर. प्रत्यक्षात दोनशे मिळाले तर नशीब. मी एसी लावला की अच्युतचा चेहरा पडायचा.

आणि घरी चार्जिंगची बोंब. क्वार्टरचं वायरिंग जुनं. गाडी लावली आणि गीझर चालू केला की घरात अंधार. वेगळा पॉइंट मिळावा म्हणून अर्ज केला, तो ऑफिसात कुठंतरी झोपला. मग महाराणा प्रताप नगरच्या चार्जिंग स्टेशनवर जायचं. तिथं युनिटला तिप्पट पैसे, वर रांग.

शेजारचा क्वार्टर मात्र रिकामा होता.

तिथं वैजयंतीबाई राहायच्या. आईंची त्यांच्याशी फार मैत्री. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्या त्याच क्वार्टरमध्ये वारल्या. त्यांचे यजमान रिटायर होऊन नागपूरला परतले. तेव्हापासून दाराला कुलूप.

टाउनशिपमध्ये रिकामा क्वार्टर म्हणजे सगळ्यांचा. त्याच्या अंगणातले पेरू सगळे खातात, नळाचं पाणी सगळे भरतात. फक्त आमच्या आई कढीपत्त्याची काडी तोडतानाही बंद दाराकडे बघून म्हणायच्या, "वैजयंतीबाई, घेते हं."

आम्ही त्यांना चिडवायचो.

तर त्या क्वार्टरच्या व्हरांड्यात वॉशिंग मशीनसाठी बसवलेला मोठा प्लग होता. एका रविवारी अच्युतनं सहज चार्जर लावून पाहिला.

हिरवा दिवा लागला.

"फुकट!" अच्युत लहान मुलासारखा हसला. मीही हसले. कोणाला विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही.

घरी गाडी चार्ज व्हायला रात्र लागायची. तिथं ती चहा होईपर्यंत भरायची. मला नवल वाटलं. पण फुकट मिळत असलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

मग एकेक गोष्ट खटकायला लागली.

गाडीखाली रोज एक कुत्रं झोपायचं. ते यायचं बंद झालं...

चार्जरचा पंखा एरवी घरघरतो. त्या प्लगला लावला की तो फिरायचाच नाही. अगदी शांत...

आणि आई.

डायलिसिसनंतर एक दिवस त्या गळून जायच्या, दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला हजर. आता दुसरा दिवसही झोपून जायला लागला. मग तिसराही. हात बर्फासारखे. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट तर आधीपेक्षा चांगले आहेत.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. आई मागच्या खोलीत पडल्या होत्या. त्या कोणाशी तरी बोलत होत्या. आवाज अगदी मंद होता.

"हो हो... घ्या ना. घ्या."

खोलीत कोणीच नव्हतं.

खिडकीतून शेजारचा व्हरांडा दिसत होता. आमची गाडी चार्जिंगला लावलेली होती.

"आई, कोणाशी बोलत होता?"

"वैजयंतीबाई गं. येतात, हात हातात घेतात आणि विचारतात, घेऊ का? मी हो म्हणते."

"काय घेऊ का?"

आई जराशा हसल्या. "ते नाही विचारलं. शेजारणीला नाही कसं म्हणायचं?"

अच्युत संध्याकाळी आल्यावर मी त्याला हे सांगितलं. त्यानं माझी चेष्टा केली. पण टेस्टर घेऊन शेजारी गेला. मी मागोमाग गेले.

त्यानं व्हरांड्यातल्या मेन बोर्डचं झाकण उघडलं.

आत फ्यूज नव्हते. खांबावरून येणारी वायर कापलेली होती. तिच्या टोकावर कोळ्याचं जाळं होतं.

अच्युतनं टेस्टर प्लगमध्ये घातला. दिवा लागला नाही.

खाली आमच्या चार्जरचा हिरवा दिवा मात्र जळत होता...

अच्युतनं वायर उपटली. त्या दिवशी तो जेवला नाही. "कुठूनतरी बॅक-फीड, उलटी वीज येत असेल," एवढंच म्हणाला. विषय तिथंच संपला.

आम्ही पुन्हा त्या प्लगला हात लावला नाही. तिप्पट पैसे भरले, रांगेत बसलो. पंधरवड्यात आईंचे हात कोमट झाले. त्यांनी स्वतःहून साबुदाण्याची खिचडी मागितली. मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडले.

मला वाटलं, सुटलो.

अष्टमीला अच्युत कामासाठी मंडीदीपला गेला होता. आईंचं डायलिसिस सणामुळे एक दिवस पुढं गेलं होतं. संध्याकाळी त्यांना धाप लागली. ओठ निळसर दिसायला लागले. बोलता येईना.

ॲम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "मैडम, झाँकी की भीड़ है, घंटा भर तो लगेगा." ऑनलाइन टॅक्सी मिळेना. वरच्या मजल्यावरचे मधुकरकाका गाडी घेऊन सहकुटुंब देवी बघायला गेलेले.

आमच्या गाडीत सात टक्के चार्जिंग होतं. आदल्या दिवशी महाराणा प्रताप नगरचं मशीन बंद होतं, म्हणून ती तशीच राहिली होती.

स्क्रीनवर रेंज चौदा किलोमीटर. हॉस्पिटल त्याच्या निम्म्यावर. पोचेन, असं मला वाटलं.

आईंना मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघाले. एसी बंद. काचा खाली. रेडिओसुद्धा बंद.

चौकापर्यंत ठीक गेले. पुढं झाँकी, म्हणजे देवीचा देखावा होता. रस्ताभर लोक, ढोल, लायटिंगच्या कमानी. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

नऊ किलोमीटर.

सहा.

मग आकडा गेला. त्या जागी नुसत्या दोन रेघा आल्या. खाली कासवाचं चित्र. म्हणजे गाडीनं दम सोडला. मी पाय दाबत होते, ती पुढं जायला तयार नव्हती.

मागून हॉर्न. एक पोलीस काचेवर हात आपटत म्हणाला, "मैडम, साइड में लीजिए!"

"मरीज है भैया, मेरी सास है!" मी किंचाळले. त्यानं आत पाहिलं आणि गर्दी हटवायला पळाला. पुढचा रस्ता मोकळा होत होता. माझ्या गाडीतच जीव नव्हता.

मागं आईंच्या घशातून घरघर येत होती.

आणि मग ढोल ऐकू येईनासे झाले.

वाजवणारे समोर दिसत होते. त्यांचे हात चालले होते. आवाज मात्र नव्हता...

मागच्या सीटवरून कोणीतरी हळूच विचारलं.

"घेऊ का?"

तो आवाज आईंचा नव्हता. आवाजात राग नव्हता, धाक नव्हता. कढीपत्ता मागावा तसा होता.

मी आरशात पाहिलं. आई एकट्याच होत्या. त्यांचा उजवा हात मात्र सीटवरून थोडा वर उचललेला होता. कोणीतरी धरल्यासारखा. त्यांचे ओठ हलले. त्या "हो" म्हणणार, हे मला कळलं.

"त्यांचं नको!" मी ओरडले. "त्यांच्यात काही उरलेलं नाही. माझं घ्या!"

आईंचा हात धपकन सीटवर पडला.

माझ्या डाव्या हातावर, गिअरपाशी, एक थंड हात येऊन बसला...

"घेऊ का?"

"घ्या म्हटलं ना!"

कासव गेलं. दोन रेघांच्या जागी आकडा आला. अकरा. चाळीस. शंभर. मी "बस, बस" म्हणत होते. आकडा दोनशेच्या वर जाऊन थांबला. ढोल एकदम कानावर आदळले. समोर रस्ता मोकळा होता.

मी हॉस्पिटलला पोचले. आईंना लगेच आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

आई वाचल्या. याचा आनंद मला आजही आहे, आणि तो खरा आहे.

त्यानंतर मी गाडी चार्जिंगला लावलेली नाही.

रोज सकाळी ती भरलेली असते.

अच्युतला वाटतं, मीच शाळेतून येताना चार्ज करून आणते. मी त्याला तसंच सांगितलंय. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. फक्त डावा हात गरम होत नाही. आणि आईंना हॉस्पिटलला नेऊन आणलं की मला आमच्याच दारापुढच्या पायऱ्या चढताना भिंत धरावी लागते.

एकदा मुद्दाम गाडी घरी ठेवून आईंना रिक्षानं नेलं. परत येऊन पाहिलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. गाडी जागेवर होती. तरी गाडी चाललेल्या किलोमीटरचा आकडा हॉस्पिटलला जाऊन येण्याइतका वाढला होता...

त्या दिवशीही मी भिंत धरूनच आत आले.

गाडी विकायचाही विचार केला. पण घेणारा ती जितकी पळवेल, तितकं माझ्यातूनच जाणार. दिवाळीत गाडीनंच नागपूरला जाऊ, असं अच्युत रोज म्हणतोय. मी काहीतरी कारण काढते.

काल संध्याकाळी आईंनी मला जवळ बसवलं. माझा डावा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ चोळत राहिल्या. तो गरम होईना. मग त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

आज डायलिसिसचा दिवस आहे. सकाळपासून त्या अंघोळ करून, केस विंचरून बसल्या आहेत. पायांवर सूज दिसते आहे. आत्ताच मी विचारलं, "आई, निघायचं ना?"

"आज नको गं," त्या म्हणाल्या. "आज मला अगदी बरं वाटतंय."