पहिली नस, पाचवी नस

लालबागच्या मसाला गल्लीत गिऱ्हाईक आधी वास घेतं, मग भाव विचारतं. त्या चष्मेवाल्या मुलानेही चिमूटभर मालवणी मसाला तळहातावर चोळला, नाकाजवळ नेला आणि... हात तसाच मेघनासमोर धरला.

"तुम्हीच घ्या ना वास. मला यातलं काही कळत नाही."

मेघना चपापली. फेब्रुवारीत माळ्याच्या शिडीवरून ती मागच्या मागे पडली होती. डोक्याला आलेलं टेंगूळ आठवड्यात उतरलं, पण त्या दिवसापासून तिला कसलाच वास येत नव्हता. धण्यांचा नाही, साबणाचा नाही, कोपऱ्यावरच्या गटाराचासुद्धा नाही. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. वडिलांना, अप्पांना, तर मुळीच नाही. मे महिन्यात अप्पा देवगडला जाणार होते आणि मसाला भाजायची कढई पहिल्यांदाच पूर्णपणे तिच्या हाती येणार होती. एक-दोन किलोचा किरकोळ माल ती आताही भाजायची. त्यांना कळलं असतं तर कढई चुलतभावाकडे, राजेशकडे गेली असती.

ती त्या तळहातावर वाकली. मोठा श्वास घेतला. मिरची झोंबली आणि सणसणीत शिंक आली.

"फर्स्ट क्लास!" ती म्हणाली.

त्यालाही शिंक आली. दोघं हसली. अर्धा किलोची पुडी घेऊन तो गेला... पण वळणावर एकदा मागे बघून.

चार दिवसांनी तीच पुडी काउंटरवर आली.

"आई म्हणते, धणे करपलेत."

मेघनाने पुडीत नाक घातलं, पुन्हा शिंकली. "कुठे करपलेत? छान तर आहे!"

तो भांडला नाही. मान किंचित कलती करून तिच्याकडे बघत राहिला, एखादं कोडं सोडवत असल्यासारखा.

"एक विचारू? हल्लीच डोक्यावर पडला होतात का? मागच्या बाजूला?"

मेघनाने आधी अप्पा कुठे आहेत ते पाहिलं. ते आत होते, मिरची कांडणाऱ्या डंकाच्या धडधडीत.

"ज्योतिषी आहात का?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही, सम्यक. काळाचौकीला राहतो. इथे परळच्या एका इस्पितळात मेंदूच्या विभागात शिकाऊ डॉक्टर. ही पुडी उघडल्यापासून शेजारचे दुकानदारही नाक मुरडतायत. तुम्हालाच कळलं नाही."

"पण मला शिंक आली की!"

"ती पाचव्या नसेची. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. पहिली वासाची. तिचे केसाहून बारीक धागे नाकाच्या छपरातल्या चाळणीतून वर जातात. डोकं मागे आपटलं की मेंदूला हिसका बसतो आणि ते धागे तुटतात. पाचवी नस चेहऱ्याची. मिरचीची झोंब, कापराचा गारवा, हे तिचं काम. तुमची पाचवी नस ठणठणीत आहे."

"म्हणजे माझी शिंक खरी होती."

"शिंक खरी. फर्स्ट क्लास खोटं."

तिला राग यायला हवा होता. पण दोन महिने ती एकटीच घाबरत होती, आणि आता त्या भीतीला कुणीतरी नाव दिलं होतं. "परत येतो... वास?"

"काहींचा येतो. वर्षही लागतं. काहींचा—नाही."

दुसऱ्या दिवशी तो चार बाटल्या घेऊन आला. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. रोज दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद हुंगायचं. नसेला जणू वाटेची आठवण करून द्यायची. मग अप्पा दुपारी जेवायला वर घरी गेले की तो रोजच येऊ लागला. बाकीच्या नसा तपासायच्या होत्या म्हणे.

"माझ्या बोटाकडे बघा. बोटाकडे. माझ्याकडे नाही."

"कितवी नस?"

"तिसरी, चौथी, सहावी. आता जीभ बाहेर काढा."

"भर बाजारात?"

"बरं, ती राहू दे. सातवी. हसून दाखवा."

"कारण द्या."

तो इतका गोंधळला की तिला हसू आलंच. दोन्ही बाजूंनी सारखं, असं त्याने गंभीरपणे जाहीर केलं. कान मात्र लाल झाले होते.

एप्रिल संपता संपता गिरगावच्या एका खानावळीची वीस किलोची ऑर्डर आली. "हा घाणा तू भाजून उतरव," अप्पा म्हणाले. "जमला की मी गावचं तिकीट काढतो."

मेघनाने सम्यकला गळ घातली. त्याने काउंटरशी पेपर वाचत उभं राहायचं. कानाला हात लावला तर अजून थांब. चष्मा वर सरकवला तर कढई उतरव. हे काही बरोबर नाही, असं तो दोनदा म्हणाला. तरी आईकडून भाजक्या धण्यांचा वास ओळखायला शिकून, सुट्टी टाकून आला.

धणे तडतडू लागले. सम्यकने कानाला हात लावला. पुन्हा लावला. तेवढ्यात बाजूला उभ्या अप्पांनी मेघनाच्या हातातला झारा काढून घेतला आणि तो उगारत ते काउंटरकडे निघाले.

"काय रे, सकाळपासून माझ्या चेडवाक, मेघनाक, खुणा कसले करतंस?"

सम्यक पांढराफटक पडला. एकदा त्याने मेघनाकडे पाहिलं.

"मला... मला ती आवडते."

डंकही बंद होता नेमका, सगळ्यांना ऐकू गेलं. मेघनाच्या लक्षात आलं, तिचं गुपित शाबूत होतं. फक्त गप्प राहायचं होतं. पण कढईतली तडतड थांबली होती. झाले धणे? की करपायला लागले? सम्यकचे दोन्ही हात भीतीने खाली लोंबत होते, आणि वीस किलोंचा माल तिच्यासमोर कसल्याही वासाशिवाय तापत होता.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही बघा. मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून."

अप्पा दोन ढांगांत आले, गॅस बंद केला, धणे परातीत ओतले. वाकून हुंगले. वाचले होते.

"माका सांगूक नको?"

"कढई राजेशला दिली असतीत."

"दिली असती," अप्पा म्हणाले. मग झारा पुसून ठेवला. "करपलेला माल कुणाला गेला?"

"यांच्या आईला."

"रविवारी मी येतो तिची माफी मागायला," अप्पा सम्यकला म्हणाले. "कढई तूर्तास माझी. गावाक पुढल्या वर्षी. आणि तू गो, माझ्या शेजारी उभी राहायचीस. राजेश नको."

दोघं दुकानाच्या पायरीवर आली. मेघनाचे डोळे भरले होते, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"मघाशी अप्पांना म्हणालास ते..." ती कधी 'तू'वर आली, तिलाच कळलं नाही. "मला वाचवायला?"

"नाही. खरंच."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"धीर नव्हता. अप्पांच्या हातात झारा होता, म्हणून पटकन निघालं तोंडातून."

"माझ्या हातात काहीच नाहीये," ती म्हणाली, आणि धण्यांच्या धुळीने माखलेले दोन्ही हात तिने त्याच्यापुढे धरले. "आता मला सांग."

त्याने ते हातात घेतले... आणि सांगितलं.