उजवा बूट

कारखान्यात तिला सगळे तोडफोडबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. बाकीचे लोक कृत्रिम पाय बनवत आणि ही बया ते मोडत बसे. नव्या खेपेतला एक पाय उचलायचा, चाचणीच्या खोलीतल्या यंत्राला जोडायचा आणि तो मोडेपर्यंत चालवायचा. लोखंडी चौकटीतून एक दांडा खाली येई, त्याला गुडघ्याखालचा पाय घट्ट आवळलेला, आणि खाली फिरता रबरी पट्टा. टाच टेकायची, तळवा टेकायचा, बोटं उचलायची, की पुन्हा टाच. त्या यंत्राला सगळे घोडा म्हणत. मरेस्तोवर चालायचा आणि कुठेच पोचायचा नाही.

मोडेपर्यंत चालवायचं, तपासणी-दुरुस्तीखेरीज मध्ये थांबवायचं नाही, हा नियम तिचाच. पूर्वी ठरलेली पावलं झाली की पाय पास करून टाकत. मग एका म्हाताऱ्या मास्तरांचा पाय जिना उतरताना मोडला. कागदावर सगळं झकास होतं. ती त्यांना दवाखान्यात बघून आली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून हट्टानं तो नियम करून घेतला. साहेब तेव्हा फार कुरकुरले होते. आता पाहुणे आले की तेच छाती फुगवून तो नियम सांगत.

या खेपेला मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. याच खेपेतला एक पाय तिच्या दादाचा होता. रस्त्यावरच्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हापासून तो कुबड्यांवर होता. पाय मिळाला तर जुनी नोकरी परत देतो, असं मालकानं कबूल केलं होतं. पण किती दिवस वाट बघेल तो तरी! खेप पास झाली की दादा उभा राहणार होता. नापास झाली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आणि अडलं कुठे, तर बुटावर. घोड्याच्या पायाला बूट लागतो. जुना फाटून गेला होता, आणि भांडारवाल्यांना नवा मागितला तर त्यांनी नेहमीसारखे हात वर केले. घरी कपाटात दादाचा उजवा बूट पडून होता. अपघाताच्या थोडंच आधी घेतलेली जोडी. डावा तो वापरी, उजवा कोरा करकरीत.

"ने की," दादा हसून म्हणाला. "त्याला तरी जरा फिरून येऊ दे. पण तुला होतो म्हणून ढापू नकोस हं!"

दोघांच्या पायाचं माप एकच. लहानपणी बुटांवरून त्यांची मारामारी व्हायची आणि आई दोघांनाही बडवायची. तिनं तो बूट पिशवीत घातला, घोड्याच्या पायाला चढवला, नाडी घट्ट बांधली आणि बटण दाबलं.

संध्याकाळी घरी आली तर दादा भिंतीला टेकून बसला होता, चेहरा ओढलेला.

"पोटरी दुखतेय," तो म्हणाला. "उजवी."

गेलेला पाय दुखतो, मेंदूला तो आठवत राहतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"दुखणं वेगळं गं," दादा म्हणाला. "हे दमणं आहे. दिवसभर रपेट मारल्यासारखं. अजूनही चालतोच आहे मी."

पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशी घोड्याचा पट्टा बदलायला दुपारभर यंत्र बंद ठेवलं होतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "आज दुपारी कसा गाढ झोपला होता बिचारा!" तिनं हातपाय धुतले, जेवली. घास काही गोड लागला नाही.

ती मोजून मापून विश्वास ठेवणारी बाई होती. सकाळी तिनं घोडा चालू असतानाच घरी फोन लावला, इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या आणि बोलता बोलता हळूच बटण बंद केलं.

पलीकडे दादानं मोठा श्वास सोडला.

"काय झालं रे?"

"थांबलो," तो म्हणाला.

तिनं बटण पुन्हा चालू केलं. फोनवर तो कण्हला.

त्या दिवसापासून ती घोड्यासमोर स्टूल टाकून बसू लागली. यंत्राचं पाऊल सरळ पडायला हवं. तसंच ते लावलेलं होतं. पण आता टाच किंचित बाहेर वळत होती आणि उचलताना पाऊल जरासं घासत होतं. खर्र. लहानपणी भिंतीवरून पडल्यापासून दादा असाच चालायचा. जिन्यात तो आवाज आला की आई गॅस पेटवायची.

"बोल्ट ढिला असेल," साहेब दारातून म्हणाले.

तिनं घोट्याजवळचा बोल्ट आवळला. पाऊल सरळ झालं, आणि तासाभरात पुन्हा वळलं. संध्याकाळी दादा म्हणाला, "आज घोट्याशी कोणीतरी पिरगाळत होतं बघ." तिनं मान फिरवली. तिला रडू येत होतं.

शुक्रवारी दुपारी तिनं पाय सोडवून रंग लावून पाहिला. ही तपासणी साधी असते. भागाला लाल रंग फासायचा, जरा वेळ मुरू द्यायचा आणि फडक्यानं पुसायचा. सगळा पुसला गेला तर भाग धड. कुठे भेग असेल तर तिथला रंग आत शिरलेला असतो. तो पुसता पुसला जात नाही.

घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, केसाएवढी लाल रेघ राहिली.

भेग इतक्या लवकर यायला नको होती. नियमाप्रमाणे ती साहेबांना दाखवायची, पाय पुन्हा जोडायचा आणि मोडेपर्यंत चालवायचा. सकाळी निघताना दादाला ताप होता. तो उशी पायाखाली घेऊन पडला होता, उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेखाली.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा खोटेपणा केला. बूट काढला. रेघेवर ग्रीस फासलं, पाय होता तसा घोड्याला लावून ठेवला आणि साहेबांना म्हणाली, "पाय ठीक आहे. बूट खराब झालाय, आता सोमवारी बघू." सोमवारी हा पाय गुपचूप बदलून टाकू, दुसरा लावू, मग काय ते सांगू, असा तिनं मनाशी हिशेब केला. अंगावरचा कारखान्याचा डगला आणि स्वतःचे जड बूट तिथल्या आपल्या कपाटात ठेवून, चपला घालून, दादाचा बूट पिशवीत घेऊन ती घरी आली.

दादा कॉटवर उठून बसला होता. ताप उतरला होता. आईच्या हातची खिचडी ओरपत तो म्हणाला, "काय हलकं वाटतंय म्हणून सांगू! कोणीतरी खांद्यावरून खाली उतरल्यासारखं." तिचा जीव भांड्यात पडला. तिनं बूट कपाटात, अगदी मागे, जुन्या चादरींखाली सारला. तिघं बऱ्याच दिवसांनी पोटभर हसली. गाडीनं दमली असेल म्हणून आईनं तिला पाय वर घेऊन बसायला लावलं. तिची पोटरी खरंच भरून आली होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काम मार्गी लावलं हो बाई," साहेब खुशीत होते. "म्हटलं, सोमवारपर्यंत कशाला खोळंबा? मी स्वतः घोडा चालू केला. बुटाचंही जमलं. तुमच्या कपाटात मिळाला, अगदी फिट बसला."

ती उठून उभी राहिली.

"साहेब, बंद करा. आत्ता बंद करा."

"आता कसा करू? खोलीला कुलूप घालून मी गाडीत बसलोसुद्धा, किल्ली माझ्याच खिशात. आणि मध्ये थांबवायचं नाही, हा तुमचाच नियम ना?" ते हसले. "पाय धड आहे म्हणालात. चालेल की आरामात."

"साहेब, त्या पायाला—"

फोन तुटला. तिनं पुन्हा लावला. लागेना.

दादाचा घास हातातच राहिला होता. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो तिच्या पायाकडे बघत होता.

"चपला दे," ती म्हणाली. "मी जाते. कुलूप फोडते." तिनं एक पाऊल टाकलं.

खर्र.

"खाली बस," दादा अगदी हळू म्हणाला. "भार डाव्यावर घे. मी तसंच करायचो."

ती बसली. खाली टेकलेला उजवा पाय आपला आपण टाच टेकत होता, बोटं उचलत होता.

"अगं, काय चाळा लावलायस?" आई वाकली आणि तिनं पाय धरला. मग पदराचं टोक तोंडात ओलं करून ती घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, घासू लागली.

"हे लाल काय लावून आलीस कारखान्यातून?" आई म्हणाली. "पुसता पुसलं जात नाहीये."