जागेची शांतता

आमच्या शिरसीच्या हौशी मंडळात आम्ही सात जण आहोत. दर रविवारी सकाळी दहाला तिमण्णा भटाच्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत जमायचं, एकमेकांनी काढलेले व्हिडिओ बघायचे आणि एकमेकांच्या चुका काढायच्या, एवढाच आमचा कार्यक्रम. चुका काढण्यात माझा हात धरणारा अजून कोणी आलेला नाही. सत्तावीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवल्यावर दुसरं काय होणार? नवा माणूस आला की मी त्याला ठरलेल्या टिपा देतो. झूमचं बटण आहे म्हणून ते दाबलंच पाहिजे असं नाही. माणूस बोलायला लागण्याआधी पाच सेकंद कॅमेरा चालू करा आणि तो थांबल्यावर पाच सेकंदांनी बंद करा. खिडकी माणसाच्या पाठीमागे येऊ देऊ नका, नाहीतर नवरी काळीठिक्कर दिसते आणि तिच्या माहेरचे तुम्हाला आयुष्यभर बोल लावतात.

शेवटची टीप शांततेची असायची. चित्रण संपलं की लगेच वायरी गुंडाळायच्या नाहीत. सगळ्यांना गप्प करायचं आणि त्या जागेची अर्धं मिनिट शांतता नोंदवून घ्यायची. शांतता म्हणजे रिकामी नसते. तिच्यात फ्रीजची घुरघुर असते, पंखा असतो, लांब कुठेतरी चाललेला पंप असतो. मग घरी येऊन संगणकाला तो तुकडा दाखवायचा आणि सांगायचं, हे नको. संगणक सगळ्या व्हिडिओतून तेवढंच वेचून काढतो आणि माणसांचे आवाज स्वच्छ उरतात. ही टीप मी आता कोणाला देत नाही. का देत नाही ते लिहून ठेवतो आहे, कारण तोंडाने बोलायची मला भीती वाटते.

केरेजड्डी, म्हणजे आमचं गाव, शिरसीपासून अठरा किलोमीटर. वर घर, उतारावर सुपारीची बाग आणि बागेच्या तळाशी जांभ्या दगडातली जुनी विहीर. घरात मी आणि माझी बायको नागवेणी, दोघंच. मुलगी मेदिनी बंगळुरात असते. तिला सातवा महिना लागला होता आणि आईच्या हातच्या तोडदेवांचे, म्हणजे उसाच्या रसातल्या पातळ पापुद्र्यांचे, डोहाळे लागले होते. नागवेणी डबा पाठवणारच होती, पण मुलीला ते करताही आलं पाहिजे असं तिच्या मनाने घेतलं. मला म्हणाली, तुमचा तो कॅमेरा जगाच्या लग्नांना जातो, एकदा माझ्या चुलीपाशी आणा.

फेब्रुवारीत गुऱ्हाळातून ताजा रस आला. मी स्वयंपाकघरात स्टँड लावला आणि माइक वरच्या वाशाला टांगला. माझी थोरली बहीण शरावतीअक्का शेजारच्या घरात राहते, ती मदतीला आली. चुलीवर पालथं मडकं तापलं होतं. नागवेणी फडक्याचा बोळा तांदूळ आणि रसाच्या पातळ पिठात बुडवून मडक्यावरून एका दमात फिरवायची, की कागदाएवढा पातळ पापुद्रा सुटून यायचा. ती मेदिनीशी बोलावं तसं बोलत होती, की हात मध्ये थांबला तर जाड होतो, घाई केली तर फाटतो. अक्काचे टोमणे चालूच होते, की करणार मेदिनी आणि हादडणार जावई. शेवटी मी हात वर केला. अर्धं मिनिट तिघंही गप्प राहिलो. नागवेणी ओठ मिटून सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकापुढे बसलो, शांततेचा तुकडा दाखवला आणि आवाज साफ केला. फ्रीज गेला. अक्काचा शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला. नागवेणीचा एकही आला नाही. तिचे ओठ हलत होते, हात फिरत होता, अक्का तिच्या बोलण्याला उत्तरं देत होती, आणि तिच्या जागी काही नव्हतं.

मी घाबरलो वगैरे नाही. उपकरण चुकतं, ते चुकवणारा माणूस असतो, हेच मी आयुष्यभर शिकवलं. तुकडा लहान करून पाहिला, मोठा करून पाहिला, सफाईचं प्रमाण निम्म्यावर आणलं. फ्रीज जितका जाई तितकीच नागवेणी जाई. मग मी व्हिडिओ घेऊन शिरसीला तिमण्णाकडे गेलो. तिमण्णा तरुणपणी यक्षगानाच्या मेळ्यांबरोबर ध्वनिक्षेपक घेऊन फिरलेला, त्याच्या कानाला मी मानतो. त्याने सगळं त्याच्या संगणकावर पुन्हा केलं. फळ तेच.

"मास्तर, बायकोला गप्प करायचं यंत्र काढलंत की," तो म्हणाला. "दुकान बंद करतो आणि हेच विकायला बसतो."

मग त्यानेच सुचवलं, की नुसतं उरलेलं काय ऐकायचं, काढून टाकलेलं ऐकू. तशी सोय असते. एक खूण केली की संगणक साफ झालेलं बाजूला ठेवतो आणि जो केर काढला तेवढाच ऐकवतो. तिमण्णाने हेडफोन लावले. थोडा वेळ मान डोलावत होता. व्हिडिओच्या शेवटाशी त्याची मान थांबली. त्याने हेडफोन काढले, तांब्याभर पाणी प्यायला आणि मला विचारलं, "वहिनी आत्ता कुठे आहेत?"

"घरी."

"घरी म्हणजे कुठे?"

मी म्हटलं, अंगणात, अक्काबरोबर सुपारी सोलत बसली असेल. तिमण्णा हेडफोन माझ्याकडे सरकवून दुकानात जाऊन उभा राहिला.

केरात फ्रीजची घुरघुर होती. त्या घुरघुरीत नागवेणीची सगळी कृती होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग ते अर्धं मिनिट आलं. पडद्यावर ती ओठ मिटून बघत होती आणि कानात तिचा आवाज येत होता. खोल जागेतून यावा तसा, जरा घुमणारा. ओरडत नव्हती. पुष्कळ वेळा हाक मारून झाल्यावर माणूस हाक मारतो तशी मारत होती.

"अहो, शिडी आणा." मग मध्ये काही नाही. "ऐकताय ना? शिडी आणा."

 अठरा किलोमीटर स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. घरी आलो तर नागवेणी खरोखरच अंगणात अक्काशेजारी बसून सुपारी सोलत होती. मला म्हणाली, तोंड का उतरलंय, उन्हात टोपी घालत जा, शिंगं फुटलीत का तुम्हाला? तिचं बोलणं, तिचं हसणं, उजव्या करंगळीवरचा सुपारी सोलायच्या पातीचा जुना वण, सगळं जिथल्या तिथे होतं. मी आत जाऊन दार लावलं आणि जुने व्हिडिओ काढले.

नोव्हेंबरातल्या दिवाळीच्या गोपूजेचा व्हिडिओ साफ केला. नागवेणीचा आवाज टिकला. जीव भांड्यात पडला. मग डिसेंबरच्या शेवटी अक्काच्या खळ्यात बायका सुपारी सोलत होत्या तो घेतला. पाच बायकांचे आवाज टिकले, नागवेणीचा गेला. केर ऐकला. त्यातही ती शिडी मागत होती, पण तेव्हा आवाजात जोर होता. तेव्हा ती रडत होती.

नोव्हेंबर आणि डिसेंबरचा शेवट यांच्या मध्ये एक दिवस होता. तो मला चांगला आठवत होता आणि आठवायचा नव्हता. अकरा डिसेंबर. सकाळी पंप बंद पडला होता. विहिरीतला पाइप सुटलाय का बघून या, असं नागवेणी मला दोनदा म्हणाली. मी एका मुंजीचा व्हिडिओ जोडत होतो, आलोच म्हणालो आणि हेडफोन लावले. शेवटी ती स्वतःच गेली. दीड-दोन तासांनी आली तेव्हा लुगडं खांद्यापर्यंत ओलं होतं. पाटाच्या पायरीवरून घसरले, एवढंच म्हणाली आणि कपडे बदलायला गेली. ते दीड-दोन तास मी हेडफोन काढले नव्हते. बाहेर कोणी घसा फाटेपर्यंत ओरडलं असतं तरी मला कळलं नसतं.

मी घाबरलो. इतका वेळ टाळत होतो, पण हे लिहायला हवं. माझी बायको माझ्या समोर हिंडत-फिरत असताना मला वाटायला लागलं, की माझी बायको अडीच महिने विहिरीत उभी आहे आणि मी शिडी नेलेली नाही. कोणाला सांगणार? अक्काला सांगायचं, की तुझी भावजय अंगणात बसली आहे आणि विहिरीतही आहे? ती मला अंगारा लावायला घेऊन गेली असती.

तेवढ्यात दार वाजलं. नागवेणी कषायाचा, म्हणजे धणे-जिऱ्याच्या काढ्याचा, पेला घेऊन उभी होती.

"कसलं ऐकताय एवढं, दार लावून?"

"काही नाही. नको असलेला आवाज आहे."

"मग काढून टाका की," ती म्हणाली आणि पेला टेबलावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ती अक्काकडे गेलेली असताना, मी गोठ्यावरची बांबूची शिडी खांद्यावर घेतली आणि बाग उतरलो. गळ्यात आवाज नोंदवायचं छोटं यंत्र होतं, ते सवयीने आलं. विहीर बावीस फूट. फेब्रुवारीत छातीभर पाणी असतं. शिडी सोडली, एक लांब काठी घेतली आणि उतरलो.

खाली गारवा होता. दगडाला शेवाळ होतं, पंपाचा पाइप होता, पाण्यावर एक सुकलेली झावळी होती. मी शेवटच्या पायरीवर उभा राहिलो आणि हातातल्या काठीने तळ चाचपला, कोपरे चाचपले. गाळ लागला, दगड लागला. दुसरं काही नाही.

"नागवेणी," मी म्हटलं. "शिडी आणलीय."

 मी यंत्र चालू करून अर्धं मिनिट तिथली शांतता घेतली. ती यंत्रावर नीट आली, तिच्यात नंतरही काही सापडलं नाही. मग वर चढून आलो.

आमच्याकडे विहिरीत शिडी ठेवून जात नाहीत. बांबू कुजतो, शिवाय शिडीवरून साप वर येतात. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे, की काम संपलं की आधी शिडी ओढायची. मी ओढली. निम्म्यात एकदा अडली, बांबूचं पेर दगडाला अडतं तशी. मी जोर केला, ती सुटली आणि वर आली.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. नागवेणीने आणखी एक वाटी ताकातली तंबुळी वाढली. तिच्याकडे बघून मला स्वतःची लाज वाटली. पदार्थविज्ञानाचा मास्तर भर उन्हात काठीने विहीर ढवळतो, हे कोणाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मेदिनीला व्हिडिओ साफ न करताच पाठवला. फ्रीजसकट तिला तो आवडला.

रविवारी मंडळात नवा सभासद आला होता. मी नेहमीच्या टिपा दिल्या, तिमण्णाने नेहमीप्रमाणे त्या चित्रित केल्या. शेवटी त्याने हात वर केला आणि आम्ही सगळे अर्धं मिनिट गप्प उभे राहिलो.

सोमवारी दुपारी तिमण्णा केरेजड्डीला आला. या माणसाने आजवर दुकान सोडून दुपारी कधी कुठे गेल्याचं मला माहीत नाही. नागवेणीने ओटीवर गूळपाणी आणून ठेवलं. त्याने त्याला हात लावला नाही. ती आत जाईपर्यंत थांबला आणि माझ्या हातात पेन ड्राइव्ह दिला.

"मास्तर, कालचं साफ केलं," तो म्हणाला. "सगळ्यांचे आवाज आहेत. तुमचा नाही."

मी म्हटलं, केर ऐकलास?

"नाही. आणि मी ऐकणारही नाही."

तो गेला. मी नाडी मोजली, बहात्तर होती. आरशात पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन नागवेणीच्या हाताला हात लावून पाहिला, दोघांचेही हात ऊनच होते. मग दार लावलं आणि हेडफोन चढवले.

तिमण्णाच्या खोलीतला पंखा होता. पंख्यात माझ्या सगळ्या टिपा होत्या, झूमची, खिडकीची, नवरीची. मग अर्धं मिनिट आलं. पडद्यावर मी ओठ मिटून उभा होतो.

कानात पाणी ठिबकत होतं. नागवेणीचा आवाज आला. आता ती हाका मारत नव्हती, अगदी शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलत होती.

"शिडी कुठे आहे?"

आणि माझा आवाज म्हणाला, "वर. त्याने ओढून घेतली."