करपल्या भाताचा वास

चंपत मेश्राम भंडाऱ्याहून भिलाईला आला तेव्हा त्याला चहासुद्धा धड करता येत नव्हता. पोलाद कारखान्याची रोलिंग मिल उभी राहत होती, तिथे तो फिटर म्हणून लागला. सेक्टर पाचात एका खोलीचं क्वार्टर मिळालं. भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा. जेवणाची अडचण नव्हती, कॅन्टीन होतं. पण दिवसभर यंत्रं उघडून जोडणाऱ्या माणसाला सुटीच्या दिवशी रिकामे हात घेऊन बसवत नाही. एका रविवारी तो पावर हाऊस वस्तीच्या बाजारात गेला, स्टो, तवा, भात शिजवायचा गंज आणि मसाल्याचा डबा घेऊन आला आणि स्वयंपाक शिकायला बसला.

शेजारच्या गिरजाबाई अंगणाच्या बुटक्या भिंतीवरून पाहत असत. नवरा कारखान्याच्या यार्डात कामाला, त्यामुळे दिवसभर घरी त्या एकट्याच.

"भाऊ, तेल तं तापू द्या पहिले! मोहरी रुसून बसली पाहा तुमची."

"चुकूनच शिकून राहिलो, वहिनी."

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. पहिली पाळी करून चंपतने कुलूप काढलं, तर आत लसणाच्या फोडणीचा ताजा वास. त्याने स्टोला हात लावला. गार. खिडकी आतून बंद. भिंतीवरून डोकावलं, तर गिरजाबाई गहू निवडत होत्या आणि त्यांच्या शेगडीत नुसती राख होती. त्याने त्यांना बोलावून आणलं.

त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "मले तं काहीच वास नाही येऊन राहिला. भुकेनं होते असं."

भूक होती, हे खरं. त्याने लसणाची फोडणी देऊन डाळ केली. तशी डाळ त्याला आजवर जमली नव्हती.

मग बहुतेक रोजच दार उघडलं की वास असायचा. आधी जिरं, मग लसूण, मग लाल मिरचीचा ठसका, शेवटी काहीतरी आंबट. बिघाड कुठे आहे ते ओळखायला मशीनला कान लावावा, तसा चंपत डोळे मिटून उभा राहायचा आणि वासाने सांगितलं त्या क्रमाने रांधायचा. कशाचा वास आहे ते कळलं नाही तर बाजारात जाऊन एकेक पुडी हुंगून यायचा. त्याच्या हाताला चव आली. वास कुठून येतो, हे विचारायचं त्याने हळूहळू सोडून दिलं.

मिलमध्ये जेवणाच्या सुटीत माणसं आपापले गट करून बसत. कोणी कुठे बसायचं, हे कोणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक असे. नागपुरात दीक्षा घेतल्यापासून चंपतने कोणाच्या पंगतीच्या कडेला जाऊन बसणं सोडलं होतं. तो एकटाच जेवे. दुर्गच्या जुन्या सोवळ्या घराण्यातला दिवाकर, स्टोअरमधला कारकून, तर त्याच्याकडे पाठ करूनच बसायचा. एके दिवशी तोच उठून आला.

"काय आणलंय रे? बघू दे."

आणि त्याने चंपतच्या डब्यात हात घातला. दुसऱ्या दिवशीही घातला. पुढे तर तो शेजारीच बसू लागला. संध्याकाळी घरी जाताना चंपतची सायकल जोरात पळायची.

पावसाळा सरता सरता एक दिवस दार उघडलं तर करपल्या भाताचा वास आला.

जाणूनबुजून भात कोण करपवेल? चंपतने स्वतःच्या मनाने वांगं केलं. दिवाकरने एक घास घेतला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आज भूक नाही." दोन दिवस असंच झालं. तिसऱ्या दिवशी तो आपल्या जुन्या जागी, पाठ करून बसला होता.

वास मात्र वाढतच गेला. अंगच्या कपड्यांना, उशीला. साबणाला आणि मिलमधल्या ग्रीसलासुद्धा तोच वास. गिरजाबाईंनी वाटीभर झुणका पाठवला, तोही करपट लागला.

शेवटी एका रविवारी, भर दुपारी, त्याने तांदूळ धुतले. पाणी कमीच घातलं. स्टो मोठा केला आणि समोर मांडी घालून बसला.

भात तडतडला. पिवळा झाला. मग काळा.

चंपत उठला नाही. धुराने खोली भरली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खोलीतला वास आणि त्याच्या नाकातला वास आता एकच झाला होता.

आणि मग वासच गेला. चंपतने गंजावर वाकून श्वास घेतला. काहीच नाही. त्याने स्टो बंद केला.

दार वाजलं. गिरजाबाई होत्या. आता त्या रागावतील, असं त्याला वाटलं. पण त्यांच्या हातात ताट होतं.

"एकटेच जेवून राहिले का, भाऊ? आज वास आला मले."

"वहिनी, करपला तो. फेकून राहिलो."

तोवर त्या गंजापाशी खाली बसल्या होत्या. धुराने त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या ते पुसत नव्हत्या. त्यांनी काळी खरवड नखांनी सोडवली, तोंडात घातली, हळूहळू चावली.

"असा भात माह्या हातून कधी नाही झाला."

चंपतने एक शीत जिभेवर ठेवलं. त्याला कसलीच चव लागली नाही.

गिरजाबाईंनी ताट पुढे केलं. "वाढा आणखी."

त्याने वाढलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"सगळा नका वाढू मले. पुरला पाहिजे."

"कोणाले?"

त्यांनी हनुवटीने दाराकडे दाखवलं.

चंपत बाहेर आला. या वेळी क्वार्टरांची सारी लाईन झोपलेली असायची. आता एकूण एक दार उघडं होतं, आणि प्रत्येक दारात कोणीतरी ताट घेऊन त्याच्या क्वार्टरकडे तोंड करून उभं होतं.

लाईनच्या टोकाशी दिवाकर सायकलवरून उतरत होता. रविवारी तो दुर्गहून इकडे कधीच येत नसे. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि कॅरिअरला बांधून आणलेलं आपलं पितळी ताट सोडायला लागला.