पावातला बाहुला

कासिल्दा आली होती नुसतं पातेलं परत द्यायला. पण तीन राजांच्या सणाला चेंचाआत्याच्या घरात शिरलेलं माणूस पाव खाल्ल्याशिवाय बाहेर पडलंय, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. बाहेर मालिन्चे डोंगरावरून बोचरा वारा सुटलेला, आत गरम चॉकलेटचा वास… बसली बापडी.

मोठ्या गोल पावाचे तुकडे आत्याचा भाचा आन्सेल्मो करत होता. मागावर घोंगड्या विणणारा, नखांत लाल रंग गेलेला. त्यानं तिच्या बशीत तुकडा ठेवला आणि असं काही बघितलं, की बयेला घास घ्यायचंच सुचेना.

"खा की. विष नाही घातलेलं."

"कुणी सांगावं? वाढणाऱ्याचा चेहरा तर चोराचा आहे."

आणि दाताखाली कट्ट झालं. बाहुला! घेवड्याच्या दाण्याएवढा, सणाच्या पावात लपवतात तो. तो ज्या बाईला मिळेल, तिनं त्या घरातल्या बाळयेशूच्या मूर्तीची धर्ममाता व्हायचं. तीन वर्षं त्याला नवे कपडे शिवायचे, फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला देवळात न्यायचं, वर सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले खाऊ घालायचे. म्हणून शहाणी माणसं बाहुला मुकाट गिळतात.

"गिळ," तो कुजबुजला. "नाहीतर तीन वर्षं या घराचे उंबरे झिजवशील."

"मुद्दाम दिलास ना मला?"

"खालून पाय दिसत होता त्याचा…" त्यानं मान खाली घातली. "एरवी तू पुन्हा कशाला आली असतीस?"

काय बाई धीट पोरगा! कासिल्दानं बाहुला तळहातावर काढला आणि सगळ्यांना दाखवला.

मग काय, कधी बाळाच्या बंडीचं माप, कधी टोपीची लेस — काहीतरी निमित्त काढून ती यायची. माग खटखटायचा आणि ती दारात उभी राहिली की थांबायचा.

"एक विचारू?" ती एकदा म्हणाली. "धर्ममाता झाले की बाळाच्या मालकाची मी कोमाद्रे होणार. आणि कोमाद्रे-कोम्पाद्रेचं लग्न म्हणजे बहीण-भावाचं… महापाप."

"बाळ आत्याचं आहे, वेडे. तू तिची कोमाद्रे. माझी का म्हणून?" तो हसला. "सण होऊ दे. मग आत्याला घेऊन, पाव आणि फुलं घेऊन तुझ्या बापाच्या दारात उभा राहतो."

"आत्याला आत्ताच सांग ना."

"छे! तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सांजेपर्यंत गावभर होईल."

तिथंच घात झाला. सांगायला हवं होतं हो… एवढंच सांगायला हवं होतं!

मेणबत्त्यांच्या सणाला पांढऱ्या साटिनमधलं बाळ कडेवर घेऊन कासिल्दा देवळातून आली. अंगणात सारी भावकी जमलेली. आता बाळ मालकाच्या हाती द्यायचं, मिठी मारायची, की नातं जुळलं. तिनं बाळ आत्यापुढे धरलं.

"थांब गं." आत्याचे डोळे भरून आले. "मी पिकलं पान. बाळाला आता तरणा बाप हवा. आन्सेल्मो, हात पुढे कर. आजपासून बाळ तुझं! आणि अशी गुणाची कोमाद्रे… नशीब काढलंस रे पोरा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन्सेल्मोचा चेहरा पांढराफटक पडला. आशीर्वाद घेऊन आलेल्या बाळाला नको कोण म्हणणार? त्यानं हात पुढे केले.

"मारा मिठी, मारा!"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला जवळ घेतलं ते असं — सगळ्या गावासमोर, बहीण म्हणून. दोघांच्या मध्ये ते बाळ होतं.

घरामागच्या धुण्याच्या दगडापाशी तिनं त्याला गाठलं.

"पुएब्ला शहरात पळून जाऊ. आज. आत्ता!"

"आत्या जीव देईल. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत! आन्सेल्मो, बघ ना माझ्याकडे…"

त्यानं बघितलं नाही. "तमाले गार होतायत," तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "चला… तुम्ही चला, कोमाद्रे."

त्या "तुम्ही"नं ती जी गप्प झाली, ती झालीच.

तीन वर्षं बाळाला कपडे करायचा धर्म तिनं पाळला. मध्ये आत्या गेली. मग आन्सेल्मोची बायको म्हणून निकोलासा त्या घरात नांदायला आली. भली बाई, "कोमाद्रे, कोमाद्रे" करत ताट वाढायची. एका सणाला तिनं तान्हं पोर कासिल्दाच्या मांडीवर ठेवलं. पोराच्या अंगात बाळयेशूची जुनी साटिनची बंडी होती.

"बघा ना, कशी मापात बसली!" निकोलासा कौतुकानं म्हणाली.

"हो. छान बसली," कासिल्दा म्हणाली आणि पोराचं बटण लावत राहिली.

तिसरं वर्ष सरलं, धर्म फिटला. पुन्हा तीन राजांचा सण आला. आन्सेल्मोनं पाव कापला आणि तिच्या बशीत तुकडा ठेवला. खालून बाहुल्याचा पाय दिसत होता.

तिनं वर बघितलं. कधी नव्हे ते तोही बघत होता — तेच चोराचे डोळे, आता थकलेले. आणखी तीन वर्षं या, असंच म्हणत होते ते. नुसतं दारात उभं राहायला तरी या…

तिनं घास घेतला. दाताखाली कट्ट झालं. छातीत इतकं दुखलं, की हंबरडा फोडावासा वाटला. चॉकलेटचा मोठा घोट घेऊन तिनं बाहुला गिळून टाकला.

"कुणाला मिळाला?" निकोलासानं सगळ्यांना विचारलं. जो तो आपली बशी चाचपू लागला.

"बेकरीवाला घालायचा विसरला वाटतं," कासिल्दा म्हणाली. "नाही का हो, कोम्पाद्रे?"

आन्सेल्मोच्या हातात सुरी तशीच होती. "हो," तो म्हणाला. "विसरला असेल."