झाकून ठेवलेलं ताट

"हरलेल्याला परत बोलावतात म्हणे! असा कोणता खेळ असतो?" फारूखमियाँनी मोबाइल पालथा घालून चटईवर ठेवला आणि मोठ्या मुलाकडं न बघताच पुढं म्हणाले, "आन तू नको शिकवू मला ज्युदो. ज्याला एक रात्र पोट आवरलं नाय, त्यानं..."

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. पुरं करायची गरजच नव्हती. छावणीतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात गेली सहा वर्षं ते इतक्या वेळा पुरं झालं होतं, की चांदपाशाला तोंडपाठ होतं. तो उंबऱ्याशी बसला होता, धड आतही नाही आणि धड बाहेरही नाही.

तिकडं ताश्कंदला, पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धेत, सहासष्ट किलोच्या गटात त्याचा धाकटा भाऊ दाऊद आत्ताच उपांत्यपूर्व लढत हरला होता. त्याची पाठ मॅटला टेकलेली सगळ्यांनी पडद्यावर पाहिली. आई जोहराबींनी डोळ्यांना पदर लावला आणि अब्बांनी तर स्पर्धाच संपवून टाकली!

"अब्बा, संपलं नाय अजून," चांदपाशा काकुळतीनं म्हणाला. "सोन्याचं एक, चांदीचं एक, पण कांस्यपदकं दोन असतात. इथं हरलेल्याला आणखी दोन लढती मिळतात. दोन्ही जिंकला तर..."

"तर! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" फारूखमियाँ भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

आत चुलीवर मटणाचा खलिया रटरटत होता. दाऊदच्या पदकासाठी जोहराबींनी मन्नत मागून तो पहाटेच चढवला होता, आणि भट्टीतल्या गरम नानांची चवडही फडक्यात बांधून आणली होती. एरवी सहा वर्षांत या घरात खलिया शिजला नव्हता. शेजारून त्याचा वास आला तरी अब्बांचं डोकं फिरायचं आणि चांदपाशा मुकाट्यानं बाहेर निघून जायचा... आज मात्र तो गेला नाही. कुठं जाणार? त्याचा जीव त्या पालथ्या मोबाइलखाली अडकला होता.

सहा वर्षांपूर्वी दोघं भाऊ एकाच वजनात होते, हेच सगळ्या दुःखाचं मूळ. राज्याच्या निवड चाचणीला त्या गटातून एकालाच पुढं जायचं होतं. आदल्या दिवशी चुलत बहिणीचं लग्न होतं. वाढपी कमी पडले म्हणून चांदपाशा बाह्या सरसावून देगीपाशी उभा राहिला आणि संध्याकाळभर पंगतीला खलिया वाढत राहिला. दुसऱ्या दिवशी वजन द्यायचं, म्हणून स्वतः मात्र घास घेतला नाही. देग उतरवायला तो मांडवामागं गेला, तेव्हा अब्बांचा आवाज त्याच्या कानी पडला. ते दाऊदला सांगत होते, "उद्या तू नाव काढून घे. मोठ्याचा हक आहे. चारचौघांत भावाला आपटणार व्हय तू?"

आणि एकोणीस वर्षांचा दाऊद, तक्रारीचा सूरही न लावता, "बरं अब्बा" म्हणाला!

त्या दोन शब्दांनी चांदपाशाचं काळीज चिरलं. कारण दाऊद आपल्यापेक्षा सरस आहे, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. कोण किती पाण्यात आहे हे आपटणाऱ्यापेक्षा आपटला जाणाऱ्यालाच आधी कळतं, आणि दोन वर्षं सरावात रोज आपटला जात होता तोच. अब्बांना समजावून उपयोग नव्हता. एकदा शब्द निघाला की त्यांच्या लेखी ती दगडावरची रेघ. मुद्दाम हरावं, तर समोर दाऊद उतरणारच नव्हता. मग उरलं काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे, "वजनापुरता सोबत चल," असं सांगून त्यानं दाऊदला बरोबर घेतलं. काट्यावर चांदपाशाचं वजन किलोभर जास्त भरलं आणि तो बाद झाला! दाऊदचं नाव यादीत होतंच. तो उतरला, जिंकला आणि जिंकतच गेला. चांदपाशा घरी आल्यावर अब्बांनी त्याचा रात्रीचा सदरा उचलून हुंगला. त्याला बाहीपासून गळ्यापर्यंत खलियाचा वास होता. "खाल्लंस ना रे? खाल्लंस ना?" त्यांनी विचारलं, आणि चांदपाशानं मान खाली घालून सांगितलं, "व्हय."

त्या दिवसापासून अब्बांनी त्याला दस्तरखानावर बोलावलं नाही. सगळं घर एकत्र जेवायचं आणि थोरला मुलगा, बजाजनगरहून कंपनीतली पाळी करून आला की, मागाहून चुलीपाशी एकटा...

"चांद," जोहराबी दारात येऊन उभ्या राहिल्या. "खरंच परत खेळवतात त्याला?"

"व्हय अम्मी. अर्ध्या तासात."

"कशाला विचारतीस त्याला?" भिंतीकडूनच आवाज आला. "एक पोटानं हरला, एक पाठीवर पडून हरला. माझं नशीबच..."

"बस्स!"

जोहराबी अशा ओरडल्या, की फारूखमियाँ उठूनच बसले. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई नवऱ्यापुढं आवाज चढवून बोलली नव्हती.

"अम्मी, नको... कसम आहे तुला!" चांदपाशा धडपडत उठला.

"मोडते मी कसम! अल्ला मला काय सजा द्यायची ती देवो!" त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "त्यानं घास खाल्ला नव्हता हो! लग्नातलं त्याचं ताट मी घरी आणून झाकून ठेवलं होतं. सकाळी उघडलं तर जसंच्या तसं, नळीसुद्धा हलली नव्हती. दारावर आलेल्या फकिराला दिलं मी ते. आन पहाटे हा मोरीत उभा राहून पाणी पीत होता... बाटलीवर बाटली! घशाखाली उतरत नव्हतं तरी ढकलत होता आन रडत होता. मी विचारलं तर माझा हात डोक्यावर ठिवून घेतला त्यानं. म्हणला, अम्मी, अब्बानं दाऊदला नाव काढायला लावलंय. आता काट्यावर मीच जड व्हतो..."

फारूखमियाँनी पहिल्यांदाच मुलाकडं पाहिलं. सदरा नाकाशी धरणारे ते हात त्यांनी मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"सदऱ्याचा वास..." ते पुटपुटले. "तू वाढत होतास..."

फारूखमियाँनी हात लांबवून मोबाइल स्वतःच सुलटा केला.

पहिली लढत दाऊदनं दोन मिनिटांत घेतली. पण कुणी हसलं नाही, टाळी वाजवली नाही. आता कांस्यपदकाची! समोर दणकट मंगोल खेळाडू, पकड चिमट्यासारखी. चार मिनिटं संपली, गुण कुणालाच नाही. आता घड्याळाचं बंधन नाही. जो आधी गुण घेईल तो जिंकला. आणि दाऊदला दोन ताकिदी मिळालेल्या!

"तिसरी मिळाली तर?" अब्बांनी विचारलं. सहा वर्षांत त्यांनी चांदपाशाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"तर बाद, अब्बा."

चांदपाशाचं अंतःकरण व्याकुळ झालं होतं. एवढी वर्षं त्यानं सगळे टोमणे एकाच आशेवर गिळले होते, की एक दिवस दाऊदच्या गळ्यात पदक पडेल आणि आपण केलं ते चुकलं नाही हे निदान आपल्याला तरी कळेल. आता तर सगळं उघड झालं होतं. दाऊद हरला, तर आई म्हणेल, कशासाठी केलंस रे?

पडद्यावर पंचाचा हात हलला. आली का तिसरी? नाही... नाही! कपडे सारखे करायला सांगितले होते. चांदपाशाच्या मनगटावर काहीतरी घट्ट आवळलं. त्यानं खाली पाहिलं. अब्बांचा हात होता.

दोघं पुन्हा भिडले. दाऊद मागं सरकला, आणखी मागं, अगदी मॅटच्या कडेला... "खाली बस, खाली!" चांदपाशा किंचाळला, आणि ताश्कंदला ऐकू गेल्यासारखा दाऊद झपकन वळला, गुडघ्यांत वाकला, प्रतिस्पर्ध्याची बाही खेचली आणि त्याला खांद्यावरून असा भिरकावला, की मंगोलाची आख्खी पाठ मॅटवर धाडकन आपटली! हीच ती फेक, जी शिकवताना चांदपाशा हजारदा पडला होता.

"या अल्ला!" जोहराबी मटकन खाली बसल्या. शेजारच्या सारजाबाई काय झालं म्हणून धावत आल्या आणि त्याही रडायला लागल्या. बायांना रडायला कारण लागतंच असं नाही. इथं तर होतं.

फारूखमियाँ उठले. कोपऱ्यातला दस्तरखान त्यांनी स्वतः काढला, स्वतः अंथरला, त्याच्या सुरकुत्या हातानं साफ केल्या. तेवढ्यात मोबाइल वाजला. दाऊदला अजून धाप लागलेली होती.

"अब्बा, पदक! कांस्यपदक! भाई कुठंय? भाईची फेक लागली अब्बा, त्याला सांगा... चुलीपाशी असंल तर फोन तिथं नेऊन द्या."

चांदपाशानं हात जोडून मानेनं खूण केली, की त्याला आज काही सांगू नका. अब्बांनी ते पाहिलं. ते म्हणाले, "चुलीपाशी नाय बेटा. माझ्या शेजारी बसतोय. दस्तरखानावर."



"शेजारी?" दाऊदनं विचारलं, आणि लढतीत एकदाही न डगमगलेला तो गडी हुंदके देऊन रडू लागला.

जोहराबींनी खलियाचं ताट आणून ठेवलं. चांदपाशा संकोचून दस्तरखानाच्या टोकाशी बसू लागला, तशी अब्बांनी त्याची बाही धरून त्याला जवळ ओढलं. नानचा तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला, सगळ्यात मोठी नळी निवडून त्याच्यापुढं सरकवली. घास त्यांनी त्याच्या तोंडाशी धरला. रस्सा मनगटावरून ओघळून सदऱ्याच्या बाहीत उतरत होता, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

"सहा वर्षं मी तुला..." ते म्हणाले. "खा, बेटा. पोटभर खा. आज वजन नाय करायचं."

चांदपाशानं तोंड उघडलं.